कैरो: पहिली भेट, पहिला धडा

कैरोत रस्ता ओलांडणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. ती पुस्तकात वाचून येत नाही आणि मुंबई-दिल्लीच्या रस्त्यांवर घालवलेली वर्षेही तिथे फारशी उपयोगी पडत नाहीत. आम्ही दोघी, म्हणजे मी आणि माझी एकाहत्तर वर्षांची आई, तहरीर चौकाजवळच्या एका फुटपाथवर चांगली दहा मिनिटे उभ्या होतो. समोरून गाड्यांचा लोंढा चाललेला. रस्त्यावर चार रांगांचे पट्टे आखलेले होते, पण गाड्या सहा रांगांनी धावत होत्या. हॉर्न तर अखंड. कुणी रागाने वाजवत होता, कुणी ओळख दाखवायला, कुणी केवळ सवयीने.

तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. हातात पाव बांधलेली पिशवी. त्यांनी आईकडे पाहिले, काहीतरी म्हणाले आणि सरळ तिचा दंड धरून रस्त्यात पाऊल टाकले. माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. मी पर्स घट्ट पकडली आणि मागे धावले. ते गृहस्थ एक हात पुढे धरून, जराही न थांबता, एकाच चालीने चालत होते. गाड्या थांबत नव्हत्या, पण आमच्या पुढून-मागून बाजूने निघून जात होत्या. पलीकडे पोहोचल्यावर मी पर्समधून सुट्ट्या नोटा काढू लागले. ‘आता बक्षिसी मागणार’ हे मी गृहीतच धरले होते. वर पाहते तो काय, गृहस्थ पुन्हा रस्ता ओलांडून मूळच्या फुटपाथवर निघालेले! त्यांना पलीकडे यायचेच नव्हते.

आई म्हणाली, “अगं, आभार तरी मानायचेस.”

वाचकहो, कैरोतला तो माझा पहिला तास होता. पहिला धडा तिथेच मिळायला हवा होता. पण शहाण्याला शब्दाचा मार पुरतो. मला मात्र पुढे बराच मार खावा लागला.

सूचनांची वही

त्याचे असे झाले, की निघण्यापूर्वी जो भेटेल त्याने मला इजिप्तविषयी सावध केले होते. प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्याने एक छापील कागदच दिला. नातेवाइकांनी त्यात भर घातली. ‘उंटवाल्याच्या नादी लागू नका. चढवायचे पैसे वेगळे आणि उतरवायचे वेगळे घेतात.’ ‘फुकट म्हणून हातात काही ठेवले, तर घेऊ नका.’ ‘कुणी ओळख काढली, की समजा दुकानात नेणार.’ मी हे सगळे वहीत लिहून काढले आणि दोन अरबी शब्द घोटून पाठ केले: ‘ला, शुक्रान’. म्हणजे ‘नको, आभारी आहे’.

आईने एकही सूचना वाचली नाही. ती बडोद्याच्या शाळेत बत्तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झाली. दरवर्षी ती वर्गाला घेऊन सयाजीबागेतल्या संग्रहालयात जायची. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली एक इजिप्शियन ममी तिथे आहे. बडोद्यात वाढलेल्या आम्हा पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या काचपेटीपुढे भीतभीत उभ्या राहिल्या आहेत. आईने मात्र ती ममी जिथून आली तो देश कधी पाहिला नव्हता. वडील होते तोवर घर, मग त्यांचे आजारपण, मग तिचे गुडघे. या वर्षी मीच तिकिटे काढली आणि म्हटले, आता नाही तर कधीच नाही.

तिला वाटत होते आपण इतिहास पाहायला चाललो आहोत. मला वाटत होते आपण फसवणूक टाळायला चाललो आहोत. एकाच विमानातून दोघी दोन वेगळ्या गावांना निघाल्या होत्या, असे म्हटले तरी चालेल.

विजयी नगरी

कैरो म्हटले की पिरॅमिड आठवतात, पण या शहराचा आणि पिरॅमिडचा जन्माने काही संबंध नाही. कैरो वसवले फातिमी राजवटीने, इ. स. ९६९ मध्ये. अरबीत नाव ‘अल-काहिरा’, म्हणजे विजयी. तेव्हा गीझाचे पिरॅमिड साडेतीन हजार वर्षांचे जुने होऊन बसले होते. आज बृहत्‌ कैरोची वस्ती २ कोटींहून अधिक आहे आणि वाढता वाढता हे शहर अगदी वाळवंटाच्या उंबरठ्यावर जाऊन टेकले आहे. रिंगरोडवरून जाताना विटांच्या, गिलावा न केलेल्या इमारतींच्या रांगा दिसतात. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. आणि अशाच दोन इमारतींच्या फटीतून अचानक एक राखाडी त्रिकोण डोकावतो. कुठे नगारे नाहीत, कमानी नाहीत. कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीच्या मागे खुफूचा पिरॅमिड! आई टॅक्सीत ताठ बसली. दोन्ही हात मांडीवर. डोळे भरून आलेले. मी टॅक्सीच्या मीटरकडे पाहत होते.

शहर तसे आपल्याला परके वाटत नाही. चौकाला तिथे ‘मिदान’ म्हणतात, म्हणजे आपले मैदान. दुकानाला ‘दुक्कान’, साबणाला ‘साबून’, खुर्चीला ‘कुर्सी’, बिलाला ‘हिसाब’, संपले की ‘खलास’! अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेले हे शब्द कैरोच्या रस्त्यावर कानावर पडले, की दूरच्या लग्नात अचानक मामेभाऊ भेटावा तसे वाटते. अमिताभ बच्चनचे नाव तर रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सर्वांना ठाऊक. आम्ही भारतीय आहोत हे कळले, की “हिंदी? अमिताभ बच्चन!” हे ठरलेलेच.

पण हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने हसत हसत एक गंमत सांगितली. कुणी फसवू पाहतोय असे वाटले, की इजिप्तमध्ये म्हणतात, ‘मी काय हिंदी आहे का?’ म्हणजे, मी काय भोळा आहे का? ऐकून मला राग आला आणि मी वहीतल्या सूचना पुन्हा एकदा वाचून काढल्या. आई म्हणाली, “भोळं म्हणतात ना? लबाड तर म्हणत नाहीत.”

पिरॅमिडच्या पायथ्याशी

दुसऱ्या दिवशी सकाळीच गीझाला पोहोचलो. पठारावर आता विजेवर चालणाऱ्या बस फिरतात, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची काळजी थोडी कमी झाली. खुफूचा मोठा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता. आज साधारण १३८ मीटर उरला आहे. पायाची एक बाजू सुमारे २३० मीटर. अंदाजे २३ लाख दगड. इसवी सनापूर्वी सुमारे २५६० च्या आसपास तो पुरा झाला आणि पुढे जवळजवळ ३,८०० वर्षे माणसाने उभारलेली याहून उंच वास्तू जगात नव्हती. आपल्याकडे सिंधूच्या खोऱ्यात मोहेंजोदडो, हडप्पा भरभराटीला येत होते, तोच हा काळ.

हे आकडे वाचून पाठ असतात. पण पायथ्याशी गेल्यावर कळते, की खालच्या थरातला एकेक दगड आपल्या खांद्याएवढा आहे आणि मान कितीही मागे टाकली तरी शिखर डोळ्यांत मावत नाही. एके काळी या सगळ्यावर गुळगुळीत पांढऱ्या चुनखडकाचे आवरण होते. चौदाव्या शतकात, मोठ्या भूकंपानंतर, त्यातले कितीतरी दगड काढून कैरोच्या इमारतींसाठी वापरले गेले. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडच्या टोकाला ते आवरण अजून थोडे शिल्लक आहे, एखाद्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरच्या टोपीसारखे. तो उंच जागेवर असल्याने लांबून खुफूपेक्षा मोठा भासतो, प्रत्यक्षात मात्र थोडा लहान आहे.

आई दगडावर हात ठेवून उभी होती. मग हळूच म्हणाली, “मी मुलांना बत्तीस वर्षं सांगत आले, की हे गुलामांनी बांधलं. चाबकाच्या फटकाऱ्यांखाली.”

मला ठाऊक होते तिला काय खुपते आहे. येण्यापूर्वी तिने बरेच वाचन केले होते. १९९० मध्ये याच पठाराच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची थडगी सापडली. झाही हवास यांनी ती उजेडात आणली. जवळच मार्क लेहनर यांच्या चमूने कामगारांची वस्ती खोदून काढली. तिथे भट्ट्या होत्या, पाव भाजायचे साचे होते, गुराढोरांची भरपूर हाडे होती. थडग्यांत कामगारांबरोबर पाव आणि बिअरची मडकी पुरलेली होती. सांगाड्यांचे मणके ओझ्याने झिजलेले होते, पण मोडलेली हाडे नीट बसवून जुळलेलीही होती. म्हणजे त्यांची कुणीतरी काळजी घेत होते. गुलामांना राजाच्या समाधीच्या सावलीत कोण पुरतो?

पुढे २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. लिहिलेले इतके जुने पपायरस दुसरे नाहीत. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे ४० जणांची त्याची टोळी. नाईलच्या पलीकडल्या तुरा येथील खाणीतून चुनखडकाचे दगड होडीत भरायचे आणि गीझाला आणून पोचवायचे, हा त्यांचा धंदा. आज इथे मुक्काम, उद्या तिथे, असा सगळा हिशेब लिहिलेला.

“सगळे काही हौसेनं आले नसतील,” मी म्हटले. “गावोगावच्या लोकांना राजाच्या कामाला यावंच लागत असेल.”

“लागत असेलच. पण त्यांना नावं होती, टोळ्या होत्या, ताटात भाकरी होती. मी त्यांचे चेहरेच पुसून टाकले गं. पाच ओळींत उरकलं.”

एखाद्या शिक्षिकेने आपली चूक अशी मोकळेपणाने मोजताना मी पहिल्यांदाच पाहत होते. काय बोलावे ते सुचेना. मी म्हटले, पुस्तकातच तसे होते. ती म्हणाली, “हो, पण बाई मी होते.”

आई कुठे गेली?

पिरॅमिडच्या आत जायला वेगळे तिकीट काढावे लागते. आतली वाट अरुंद, छत इतके बुटके की कंबरेत वाकून चढावे लागते. आईला ते शक्य नव्हते. “तू जाऊन ये आणि मला सगळं सांग,” असे म्हणून ती उत्तरेच्या बाजूला, प्रवेशद्वाराखाली सावलीत एका दगडावर बसली.

तेवढ्यात एक पोस्टकार्डे विकणारा आला. पन्नाशीचा, डोक्याला पंचासारखे फडके गुंडाळलेला. “वेलकम, मामा!” म्हणत त्याने आईपुढे कार्डांची माळ सोडली. माझी वही लगेच जागी झाली. “ला! ला!” मी त्याच्यावर जवळजवळ खेकसलेच. त्याने कार्डे गुंडाळली आणि मुकाट्याने बाजूला झाला. ‘शुक्रान’ म्हणायचे मी विसरले होते.

आत शिरले. आधी वाकून चालणे, मग एकदम डोक्यावर साडेआठ मीटर उंच होत गेलेली ती भव्य दालनवाट, दोन्ही भिंती वर वर एकमेकींकडे सरकत गेलेल्या. शेवटी राजाची खोली. ग्रॅनाइटच्या भिंती, एक अक्षर नाही, एक चित्र नाही. कोपऱ्याकडे झाकण नसलेली दगडी पेटी, रिकामी. घामाने अंग निथळत होते, श्वास कोंडत होता. तरी तिथे उभे राहिल्यावर मन विलक्षण शांत झाले.

बाहेर आले, तर दगडावर आई नाही.

सुरुवातीला वाटले, जवळच असेल. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. आईच्या फोनमध्ये तिथले सिम नव्हते. पाण्याची बाटली माझ्याकडे, औषधे माझ्याकडे. उन्हात पर्यटकांचे थवे, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या. माझ्या पोटात खड्डा पडला. तेवढ्यात तोच पोस्टकार्डवाला समोर आला. “मामा! हिंदी मामा!” म्हणून हातवारे करू लागला. मी त्याच्याकडे न पाहता उलट्या दिशेला धावत सुटले. तो मागे येऊ लागला. मी चालण्याचा वेग वाढवला. माझी खात्रीच होती, की हा माझ्या अडचणीचा फायदा घेणार.

अशी वीसेक मिनिटे गेली. एका बसपाशी जाऊन आले, प्रवेशद्वारापाशी जाऊन आले. शेवटी पाय थरथरू लागले तेव्हा मी थांबले. तो दहा पावलांवर उभा होता, धापा टाकत. या वेळी त्याने एकही शब्द न बोलता दोन गोष्टी करून दाखवल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून लंगडत चालला. मग अंगाभोवती हात गुंडाळून कुडकुडल्यासारखे केले आणि पूर्वेकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले.

लंगडत चालणारी. थंडी वाजणारी. अहो, ती माझी आईच होती!

कोपरा वळून गेले तर सगळा उलगडा झाला. सावलीत वाऱ्याने तिला हुडहुडी भरली होती. शाळेची सहल घेऊन आलेल्या एका बाईंनी तिला पाहिले आणि उन्हाच्या बाजूला आणून बसवले. भोवती पंधरा-वीस मुली. आईच्या हातात अर्धा पाव, आत चवळीसारख्या शेंगदाण्यांची नव्हे, तर त्यांच्या लाडक्या ‘फूल’ कडधान्याची भाजी. इजिप्तमध्ये भाकरीला ‘ऐश’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा अर्थ जगणे असाही होतो. त्या बाईंना इंग्रजीचे चार शब्द येत होते, आईला अरबीचा एकही नाही. तरी दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या!

आईने वाळूत बोटाने ‘३२’ लिहिले होते. आपली शिकवण्याची वर्षे. आता गंमत अशी, की अरबीतले दोन आणि तीन हे आकडे आपल्या देवनागरी आकड्यांसारखेच दिसतात. त्या लिपीतल्या आकड्यांना अरबीत ‘हिंदी आकडे’ असेच म्हणतात. त्या बाईंनी ते बरोबर वाचले, स्वतःकडे बोट दाखवले आणि खाली लिहिले, तेवीस. दोन शिक्षिका. आकडे तेच, फक्त जागा उलट.

माझा चेहरा पाहून आई म्हणाली, “इतकी का घाबरलीस? मी त्या कार्डवाल्याला सांगून ठेवलं होतं ना, मुलगी आली की इकडे पाठव म्हणून. खुणेनं सांगितलं. त्याला कळलं होतं.”

त्याला कळले होते. मलाच कळले नव्हते.

मी वळून त्याच्यापाशी गेले. पर्समध्ये हाताला लागली ती नोट काढून पुढे केली. त्याने मान हलवली. घेईना. मी आग्रह केला, तेव्हा त्याने ती कार्डांची माळ पुन्हा उलगडली, एक पाकीट निवडले, बोटांवर किंमत दाखवली, तेवढेच पैसे घेतले आणि उरलेले मोजून परत दिले. तो मला भीक मागणारा वाटला होता. तो विक्रेता होता. मी “शुक्रान” म्हटले. माझा आवाज नीट फुटला नाही.

सगळेच साधू नव्हेत

हे वाचून कुणी असे समजू नये, की कैरोत सगळे हरिश्चंद्रच राहतात. तिसऱ्या दिवशी एका टॅक्सीवाल्याने आम्हाला गरगर फिरवून दुप्पट पैसे उकळले. खान अल-खलीलीच्या बाजारात अस्सल म्हणून घेतलेला पपायरस हॉटेलवर येईपर्यंत दुमडून तुटला. अस्सल पपायरस असा तुटत नाही. सूचना खोट्या नव्हत्या. चूक एवढीच, की मी त्या सूचना दार उघडायच्या आधीच कडी म्हणून लावून घेतल्या होत्या. सावध राहणे वेगळे आणि समोरच्याला चोर ठरवून मोकळे होणे वेगळे.

जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगते. सुट्ट्या, लहान नोटा जवळ ठेवाव्यात. टॅक्सीत बसण्याआधी भाडे ठरवावे किंवा फोनवरून गाडी बोलवावी. मेट्रो अवश्य वापरावी. १९८७ पासून धावणारी ही आफ्रिकेतली पहिली मेट्रो आहे आणि गाडीचे मधले डबे स्त्रियांसाठी राखीव असतात. त्या डब्यात बसा आणि पाहा, दोन स्टेशनांत तुमच्या साडीच्या काठाची चौकशी सुरू होते. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. भात, मसूर, मकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा, असा ‘कोशारी’ नावाचा पदार्थ गल्लोगल्ली मिळतो. आपल्या खिचडीशी त्याचे नाते सांगतात. आईने तर पहिल्याच घासाला निकाल दिला, “खिचडी माहेराहून इथे आली आणि चांगली नांदली.” गीझाला बंद बूट घालावेत, टोपी घ्यावी आणि हिवाळ्यात सावलीतला वारा बोचतो म्हणून शालही घ्यावी. हे मी अनुभवाने सांगते.

संध्याकाळी जुन्या कैरोत जरूर जावे. सुलतान हसनची चौदाव्या शतकातली प्रचंड मशीद, अल-अझहर, मग खान अल-खलीलीच्या गल्ल्या आणि तिथले फिशावी कॉफीगृह. १९८८ चे नोबेल मिळवणारे कादंबरीकार नगीब महफूज तिथे बसत असत. पुदिन्याचा चहा, आरसे, हुक्क्याचा धूर आणि अखंड गलका. ज्या गोंगाटाने पहिल्या दिवशी डोके उठले होते, तोच गोंगाट चौथ्या दिवशी घरच्या लग्नातल्या गडबडीसारखा वाटू लागला.

राजे आणि बडोद्याची ती

पिरॅमिडपासून जेमतेम दोन किलोमीटरवर ग्रँड इजिप्शियन म्युझियम आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. आत शिरताच दुसऱ्या रामसेसचा सुमारे ११ मीटर उंचीचा, ८३ टनांचा पुतळा उभा दिसतो. १९५५ पासून २००६ पर्यंत हाच पुतळा कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर गाड्यांचा धूर खात उभा होता. तुतानखामेनच्या थडग्यातल्या वस्तू, जे थडगे हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये सापडले, त्या सगळ्या इथे प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. सोन्याचा मुखवटा तर आहेच, पण आई रेंगाळली ती त्याच्या लहानपणीच्या खुर्चीपाशी. “एवढीशी खुर्ची! पोरच होतं ते,” म्हणाली.

राजघराण्यातल्या ममी मात्र फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात आहेत. ३ एप्रिल २०२१ रोजी तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून १८ राजे आणि ४ राण्या अशा २२ ममींना मिरवणुकीने तिथे नेण्यात आले. तळघरातली ती दालने थडग्यासारखीच अंधारी ठेवली आहेत. छायाचित्रे काढायला मनाई, आवाजही आपोआप खाली येतो. सेती, रामसेस, हत्शेपसूत. नखे, पापण्या, केस, सगळे ओळखू येते.

आईने हात जोडले. बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “यांना निदान आपल्या माणसांची भाषा तरी कानावर पडते. आपली ती सयाजीबागेतली एकटीच आहे. मी दरवर्षी पोरांना तिच्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, बघा, भिऊ नका. तिचंही कुणीतरी असेल, हे कधी सांगितलं नाही.”

दुरुस्ती

परत आल्यावर मला वाटले होते, आई महिनाभर पाय शेकत बसेल. तिने आधी वेगळेच काम केले. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप गट आहे. कुणी डॉक्टर, कुणी रिक्षाचा धंदा करणारा, कुणी स्वतःच आता आजोबा झालेला. एरवी तिथे सणासुदीच्या शुभेच्छा असतात. आईने चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, मोठा मजकूर लिहिला. पिरॅमिड कुणी बांधले याविषयी मी तुम्हाला चुकीचे शिकवले. ते गुलाम नव्हते. त्यांना गावे होती, टोळ्या होत्या, त्यांच्या मुकादमाची रोजनिशीसुद्धा सापडली आहे. कृपया दुरुस्ती करून घ्यावी. आणि नातवंडांना घेऊन सयाजीबागेत जाल, तेव्हा तिला नमस्कार करावा. खाली सही: तुमच्या बाई.

दोन मिनिटे कुणीच काही लिहिले नाही. मग एकाचे उत्तर आले:

“बाई, मग आमचे तेव्हाचे मार्क वाढवून मिळतील का?”

आई खळखळून हसली. मी माझ्या टेबलावरची ती सूचनांची वही उघडली. फाडून टाकणार होते, पण फाडली नाही. टॅक्सीवाल्याचा इशारा पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फक्त शेवटच्या पानावर, सगळ्या सूचनांच्या खाली, एक ओळ वाढवली: ‘कुणी आईकडे बोट दाखवत असेल, तर आधी थांबून त्या दिशेला पाहावे.’